मातेचे पोषण, फोलेट आणि बालकर्करोग

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. तंजावरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याचा अंमल तेथे राहिला. याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकाची संस्था चालविली. पापनाशमची आणखी एक ओळख म्हणजे तेथील पालैवननाथर मंदिराच्या आवारातील नायक राजवटीच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार. पिकलेले भात साठवून ठेवावे आणि अडचणीच्या दिवसांत उपयोगी पडावे, ही त्यामागील दृष्टी होती. अन्नसुरक्षेचा हा पहिला अर्थ झाला: पोटाला पुरेसे धान्य.

आज मी अन्नसुरक्षेच्या दुसऱ्या अर्थाविषयी बोलणार आहे. कोठार भरलेले असले तरी ताटातील अन्नात आवश्यक सूक्ष्म पोषकद्रव्ये असतीलच असे नाही. फोलेट हे असेच एक द्रव्य आहे. ते ब गटातील जीवनसत्त्व असून त्याच्या कृत्रिम रूपाला फॉलिक ॲसिड म्हणतात. गर्भवतीच्या आहारातील फोलेट आणि तिच्या अपत्याला पुढे होऊ शकणारा कर्करोग यांचा काही संबंध आहे काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पुरावा कसा तपासावा आणि धोरण कोणत्या पुराव्यावर उभे करावे, हे मात्र त्यातून शिकता येते. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांना ही शिकवण मोलाची आहे.

मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया

फोलेटच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधिका भारतात आल्या. मुंबईतील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक गंभीर स्वरूपाचा रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकींचा मृत्यू ओढवे. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, परंतु आकाराने मोठ्या आढळत. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत आणि आजच्या तमिळनाडूतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत या रोगाचा अभ्यास केला. रुग्ण स्त्रियांच्या आहाराची पाहणी करून त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. यीस्टच्या अर्कापासून बनविलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांना दिसून आले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधील या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांपासून हे द्रव्य वेगळे केले. पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले. या संशोधनाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते.

पेशींच्या वाढीचे गणित

फोलेटचे शरीरातील कार्य समजल्याशिवाय पुढील भाग समजणार नाही. एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्यातील डीएनएची संपूर्ण नक्कल तयार व्हावी लागते. डीएनएच्या चार मूलघटकांपैकी थायमिन तयार करण्यासाठी फोलेट लागते. ते कमी पडले तर थायमिनच्या जागी युरॅसिल हा चुकीचा घटक बसतो आणि तो काढून टाकण्याच्या प्रयत्नात डीएनएची साखळी तुटू शकते. कोणते जनुक चालू ठेवावे आणि कोणते बंद, हे ठरविणाऱ्या मेथिलीकरणाच्या प्रक्रियेलाही फोलेटची गरज असते. सर्वात वेगाने वाढणाऱ्या ऊतींना, म्हणजे गर्भाला आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला, त्याची टंचाई प्रथम जाणवते.

याच तर्काला दुसरी बाजू आहे. कर्करोगाच्या पेशीही वेगाने वाढतात आणि त्यांनाही फोलेट लागते. बोस्टन येथील बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडसदृश द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा रोग मंदावण्याऐवजी बळावतो असे त्यांना वाटले. त्यावरून त्यांनी उलटा विचार केला. सुब्बाराव यांच्या चमूने फोलेटचे कार्य रोखणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्य बनविले होते. ते १६ मुलांना देण्यात आले आणि १० मुलांत सुधारणा दिसली. ही सुधारणा तात्पुरती होती, परंतु जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल बालकर्करोगाच्या औषधोपचाराचा प्रारंभ मानला जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड म्हणता येईल असे मेथोट्रेक्सेट आजही बालकांच्या ल्युकेमियावर दिले जाते.

म्हणून एक व्यावहारिक सूचना येथेच देतो. ल्युकेमियाचे उपचार चालू असलेल्या मुलाला ‘रक्त वाढेल’ म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊ नयेत. जन्मापूर्वी जे द्रव्य हितकारक आहे, तेच उपचाराच्या काळात औषधाच्या आड येऊ शकते. त्याबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

गर्भावस्थेकडे लक्ष का गेले?

बालवयात सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. नवजात बालकांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे थेंब काही देशांत कागदावर जतन करून ठेवतात. ज्या मुलांना पुढे ल्युकेमिया झाला त्यांचे हे जुने थेंब तपासले असता, रोगाशी संबंधित जनुकीय बदल काहींमध्ये जन्माच्या वेळीच होते असे १९९७ पासूनच्या संशोधनातून दिसून आले. असा बदल असलेल्या बहुसंख्य मुलांना पुढे ल्युकेमिया होत नाही. त्यासाठी जन्मानंतर आणखी जनुकीय आघात घडावे लागतात. तरीही पहिली पायरी गर्भातच पडत असेल तर मातेच्या पोषणाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

२००१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ल्युकेमिया झालेली ८३ मुले आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी निवडलेली निरोगी मुले यांच्या मातांना गरोदरपणातील औषधांविषयी विचारण्यात आले. फोलेट घेतलेल्या मातांच्या मुलांत या रोगाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. जगभर या निष्कर्षाची चर्चा झाली. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या, देशव्यापी अभ्यासात एवढा ठळक लाभ दिसला नाही. २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील १२ अभ्यासांची, जवळजवळ ७ हजार रुग्ण बालकांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यातून फॉलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. याउलट नॉर्वेतील सुमारे ६ लाख ८७ हजार मुलांच्या २०१६ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

या विसंगतीचे कारण समजून घ्यावे. रुग्ण-तुलना पद्धतीच्या अभ्यासात मातेच्या स्मरणावर बरेच अवलंबून राहावे लागते. आजारी मुलाची आई गरोदरपणातील प्रत्येक गोष्ट आठवून पाहते, तर निरोगी मुलाच्या आईला तेवढे कारण नसते. शिवाय गोळ्या नियमित घेणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली, धूम्रपान न करणारी आणि वेळेवर तपासणी करून घेणारी असते. मग लाभ गोळीचा की परिस्थितीचा, हे ठरविणे अवघड होते. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. संख्याशास्त्राचा हा नियम उत्तरपत्रिकेबाहेरही लक्षात ठेवावा.

पुराव्याचा दुसरा प्रकार संपूर्ण लोकसंख्येतून मिळतो. कॅनडात १९९७-९८ च्या सुमारास गव्हाच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे झाले. त्यानंतर ऑन्टारिओ प्रांतात न्यूरोब्लास्टोमा या मज्जासंस्थेशी संबंधित बालकर्करोगाचे प्रमाण दर १० हजार जन्मांमागे १.५७ वरून ०.६२ वर आले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ल्युकेमियाच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही.

आता सावधगिरीची बाजू पाहू. अपस्मार असलेल्या स्त्रियांना गरोदरपणात अनेकदा फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा दिली जाते. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथील २०२२ च्या अभ्यासात, अशी मोठी मात्रा, सरासरी सुमारे ४.३ मिलिग्रॅम, मिळालेल्या अपस्मारग्रस्त मातांच्या मुलांत कर्करोगाचा धोका सुमारे २.७ पट आढळला. अपस्मार नसलेल्या मातांच्या मुलांत अशी वाढ दिसली नाही. हाही निरीक्षणावर आधारित अभ्यास असल्याने त्यावरून घाबरून जाण्याचे किंवा चालू औषध बंद करण्याचे कारण नाही. मात्र ‘थोडे चांगले तर जास्त अधिक चांगले’ हा समज पोषणशास्त्रात चालत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

जे निर्विवाद आहे

बालकर्करोगाबाबतचा पुरावा असा अपुरा असताना गर्भवतीला फॉलिक ॲसिड का द्यावे? याचे उत्तर भक्कम आहे आणि त्यासाठी कर्करोगाचा आधार घ्यावा लागत नाही. गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांत बालकाची मज्जानलिका बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर मेंदूचे किंवा कण्याचे गंभीर जन्मजात व्यंग राहते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ७ देशांतील ३३ केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी असे अपत्य झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास या व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळते, असे त्यातून सिद्ध झाले. ही चाचणी यादृच्छिक पद्धतीची होती. कोणाला गोळी मिळेल हे चिठ्ठीसारख्या योगायोगावर सोपविलेले होते. त्यामुळे तिचा पुरावा निरीक्षणांपेक्षा बळकट ठरतो. रक्तक्षयावरील उपयोग तर लुसी विल्स यांच्यापासूनच ज्ञात आहे.

आपल्या देशात पोषणजन्य रक्तक्षयाविरुद्धचा कार्यक्रम १९७० पासून सुरू आहे. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानानुसार गर्भवतीला दररोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस द्यावयाची असते. प्रत्यक्षात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील केवळ २६ टक्के मातांनी १८० दिवस किंवा अधिक काळ या गोळ्या घेतल्या, आणि ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत ३७ टक्के किशोरवयीन मुलामुलींमध्ये फोलेटची कमतरता आढळली. उद्याच्या मातांपैकी बऱ्याच जणी या गटात आहेत.

यातील खरी अडचण वेळेची आहे. मज्जानलिका पहिल्या महिन्यातच बंद होते. बहुतेक स्त्रिया त्यानंतर नोंदणीसाठी आरोग्य केंद्रात येतात. म्हणजे गोळी हाती पडते तेव्हा तिच्या एका प्रमुख उपयोगाची वेळ टळलेली असते. म्हणूनच किशोरींना आणि विवाहित स्त्रियांना आठवड्यातून एकदा गोळी देण्याच्या कार्यक्रमाला महत्त्व आहे.

भात, डाळ आणि पालेभाजी

आता पुन्हा कावेरीकाठी येऊ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम सडलेल्या तांदळात फोलेट अवघे ९ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. उडीद, मूग, हरभरा यांत ते सुमारे ८० ते २०० पर्यंत आणि पालकात १४० च्या पुढे असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २२० आणि गर्भवतीला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट आवश्यक आहे. केवळ भातावर ही गरज भागणे अशक्य आहे.

सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळण्याची प्रायोगिक योजना केंद्राने २०१९ मध्ये मंजूर केली. महाराष्ट्रात गडचिरोली व तमिळनाडूत तिरुचिरापल्ली हे त्या टप्प्यातील जिल्हे होते. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने देशव्यापी विस्तारास मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंतच्या मुदतीसाठी १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार अशा एक किलो तांदळात फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असावे लागते. गणित मांडून पाहा. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून साधारण २२ ते ३८ मायक्रोग्रॅमच मिळते. कृत्रिम फॉलिक ॲसिड अधिक चांगले शोषले जाते हे धरूनही हा हातभारच ठरतो. गर्भवतीची गोळी त्यामुळे वाचत नाही आणि घरातील डाळही वाचत नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांची एक जुनी पद्धत येथे आठवते. सांबा हंगामाचे भात कापण्यापूर्वी काही दिवस उभ्या पिकातच ते उडीद आणि मुगाचे बी फेकतात. जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर हे पीक वाढते. भात आणि कडधान्य एकाच रानातून मिळते, जमिनीचा कसही टिकतो. अगत्ती कीरै म्हणजे आपला हदगा आणि मुरुंगै म्हणजे आपला शेवगा, या दोन्हींची पाने तेथील स्वयंपाकात रुळलेली आहेत. फोलेट पाण्यात विरघळते आणि फार उष्णतेने नष्ट होते. तेव्हा पालेभाजी थोड्या पाण्यात, थोडाच वेळ शिजवावी आणि ते पाणी फेकू नये.

फोलेटचा विचार एकट्याने करून चालत नाही, हे पुण्याजवळच्या खेड्यांनी दाखविले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील माता व मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यांतील बहुतेक मातांमध्ये फोलेट पुरेसे, परंतु ब-१२ कमी होते. गरोदरपणात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळणारे ब-१२ म्हणूनच दुर्लक्षून चालणार नाही.

एका नावातील दोन कार्ये

तमिळनाडूत गरीब गर्भवतींसाठी १९८७ पासून डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने मातृत्व साहाय्य योजना आहे. २०१८ मध्ये तिची रक्कम पोषण संचासह १८ हजार रुपये करण्यात आली. याच मुत्तुलक्ष्मी रेड्डी मद्रास विधान परिषदेच्या पहिल्या महिला सदस्य होत्या आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९५४ मध्ये चेन्नईच्या अड्यार भागात कर्करोग संस्था सुरू झाली. गरोदर स्त्रीचे पोषण आणि कर्करोग्याचे उपचार ही दोन कार्ये या एका नावात एकत्र आली आहेत. धोरणातही ती एकत्रच असावयास हवीत.

कारण बालकर्करोगाचा प्रतिबंध करण्याचा खात्रीचा मार्ग आज हाती नसला तरी उपचार हाती आहेत. सधन देशांत ८० टक्क्यांहून अधिक कर्करोगग्रस्त मुले बरी होतात. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे ध्येय जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे देशातील केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. न उतरणारा ताप, फिकटपणा, अंगावर निळसर डाग, हाडांचे दुखणे, मानेत किंवा काखेत गाठी, ही लक्षणे गावपातळीवर वेळेत ओळखली जाणे आणि सुरू झालेला उपचार पैशाअभावी अर्धवट न सुटणे, यावर मुलाचे प्राण अवलंबून असतात.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुलाला कर्करोग झाल्याचे कळताच आईच्या मनात येते, ‘माझ्या खाण्यापिण्यात काही चुकले काय?’ घरातील वडीलधारी मंडळीही कधी तसे बोलून दाखवितात. मी आतापर्यंत मांडलेला एकही अभ्यास कोणत्याही एका आईला दोषी ठरवीत नाही. लोकसंख्येच्या पातळीवरील २० टक्क्यांचा फरक एका मुलाच्या रोगाचे कारण सांगू शकत नाही. उद्या आपण गटविकास अधिकारी व्हाल, आरोग्य खात्यात जाल, तेव्हा फॉलिक ॲसिडच्या गोळीचा प्रचार भीती घालून करू नका. ‘गोळी घेतली नाहीस तर मुलाला कर्करोग होईल’ हे वाक्य शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. रक्तक्षय टळतो, जन्मजात व्यंग टळते, एवढे सत्य पुरेसे आहे. योग्य मात्रा योग्य वेळी प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे काम आहे. त्यातील उणिवेचा भार आईच्या माथी टाकू नये.

पापनाशमचे कोठार भाताने भरण्याची जबाबदारी त्या काळच्या राज्यकर्त्यांची होती. ताटात भाताबरोबर डाळ आणि पालेभाजी येईल, आणि गोळी वेळेवर हाती पडेल, हे पाहण्याची जबाबदारी आपल्या पिढीची आहे.